नवीन फोमची गादी, तिचा वास आणि आगरोधक केमिकल: गरोदर ताईंच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावा म्हणून थोडक्यात परत लिहितो. तुम्ही बाळंतपणाला दापोलीकडे माहेरी आलाय, सातवा महिना चालू आहे, भावाने मुंबईहून ८ इंची मेमरी फोमची गादी ऑनलाइन मागवून पाठवली आणि खोका उघडल्यापासून खोलीत वास भरलाय. अमेरिकेतल्या नणंदेने फोनवर सांगितलं की या गाद्यांत आग लागू नये म्हणून केमिकल घालतात, त्याने थायरॉइड बिघडतं, बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो, कॅन्सरही होतो. आई म्हणते परत कर आणि कापसाची घे. आणि तुम्ही विचारलंय की यात खरं कोणाचं.

नणंद म्हणतात ते खोटं नाही, पण त्या जिथे राहतात तिथल्या गादीबद्दल बोलतायत. आपल्याकडे घरगुती वापराची जी नवीन फोमची गादी बनते तिच्यात हे केमिकल बहुतेक वेळा नसतंच. आणि जो वास येतोय तो त्या केमिकलचा नाही. पण म्हणून आपल्याकडे प्रश्नच नाही असंही नाही, आपल्याकडे तो वेगळ्या दाराने घरात शिरतो आणि त्या दाराकडे कोणाचं लक्ष नसतं, म्हणून एवढं लांब लिहायला बसलोय.

माझी ओळख सांगतो. मी पहिली नऊ वर्षं रायगडातल्या एका फोम कारखान्यात फोमिंग लाइनवर होतो, नंतर गावी येऊन गाद्या बनवायला लागलो, त्याला आता बावीस वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, पण फोममध्ये काय ओतलं जातं ते मी स्वतःच्या हाताने ओतलेलं आहे.

फोम बनतो तो असा. पॉलिओल नावाचं मधासारखं जाड तेल, टीडीआय नावाचं दुसरं केमिकल, थोडं पाणी आणि बाकी किरकोळ माल एकत्र घुसळून लाइनवर सोडतात, आणि आंबोळीचं पीठ रात्रीत फुगतं तसं ते मिनिटा-दोन मिनिटांत छातीएवढं फुगून वर येतं. पाणी आणि टीडीआय यांच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यानेच ती भोकं पडतात. हा ब्लॉक आतून इतका तापतो की ताज्या ब्लॉकने आपोआप पेट घेतल्याच्या घटना या धंद्यात होतात, म्हणून रात्रभर ब्लॉकवर माणूस राखण ठेवावा लागतो, मी कितीतरी रात्री ती राखण केली आहे. टीडीआय वाफेच्या रूपात फार वाईट, कामगारांना त्याने दमा लागतो, माझ्या बरोबरच्या एकाला लागला. पण तयार होऊन थंड झालेल्या फोममध्ये तो टीडीआय मोकळा राहत नाही, त्याचा फोम झालेला असतो, तेव्हा ती भीती कामगाराची आहे, झोपणाऱ्याची नाही.

आता फोम पेट घेतो म्हणजे कसा घेतो ते बघितलं नसेल तर सांगतो, वाळलेल्या चुडताला काडी लावल्यासारखा, आणि वरून वितळून पेटते थेंब खाली गळतात, काळाभोर धूर होतो, त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडचा वायू असतो. अमेरिकेत लोक बिछान्यात सिगारेट ओढत झोपायचे आणि घरं जळायची, म्हणून तिकडे कायदे आले. कॅलिफोर्नियात १९७५ साली सोफ्याच्या फोमसाठी नियम आला की उघड्या फोमला १२ सेकंद ज्योत लावली तरी त्याने टिकाव धरला पाहिजे. साधा फोम त्यात नापासच होणार, मग कारखानदारांनी फोममध्ये ब्रोमीन नाहीतर क्लोरीन असलेली केमिकल घालायला सुरुवात केली. नियम एका राज्याचा, पण वेगळा माल कोण बनवत बसणार, म्हणून तो फोम सगळ्या अमेरिकेत गेला.

या केमिकलचा मूळ दोष हा की ती फोमशी जोडलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. आपण आमसुलं करताना मीठ लावतो ना, ते मीठ आमसुलाचा भाग होत नाही, पावसाळी हवेत डब्यात घाम फुटतो आणि मीठ सुटून बाहेर येतं. हे तसंच. वर्षानुवर्षं थोडंथोडं बाहेर पडतं, घरातल्या धुळीला चिकटतं, आणि ती धूळ हाताला लागून तोंडात जाते. गादीवर झोपल्याने कातडीतून आत जातं त्यापेक्षा धुळीतून पोटात जातं हा रस्ता मोठा आहे, आणि म्हणूनच रांगणाऱ्या पोरांच्या अंगात ते आईबापापेक्षा जास्त सापडतं, कारण पोर जमिनीवर असतं आणि हात सारखा तोंडात.

यातलं सगळ्यात बदनाम झालेलं म्हणजे पेंटाबीडीई. ते चरबीत साठतं, शरीरातून जायला वर्षं लागतात, आणि त्याची घडण थायरॉइडच्या हार्मोनसारखी असल्याने तिथे ढवळाढवळ करतं. गरोदरपणी बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉइडवर अवलंबून असते, म्हणून डॉक्टर सुरुवातीलाच टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करायला लावतात, तुमचीही केली असेलच. कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्यात शेतमजूर बायका आणि त्यांच्या मुलांवर वर्षानुवर्षं अभ्यास झाला. त्यात पोटात असताना ज्यांना हे जास्त मिळालं त्या मुलांत लक्ष न लागणं, बोटांची बारीक कामं कमी जमणं आणि बुद्ध्यांक थोडा कमी असणं, असा संबंध दिसला, तो पेपर २०१३ चा आहे. संबंध दिसला म्हणजे प्रत्येक मुलाला होणार असं नाही हे ध्यानात ठेवा.

पण त्याच संशोधकांचा दुसरा एक अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथली ही कुटुंबं मूळची मेक्सिकोची, तर त्यांनी कॅलिफोर्नियात वाढलेली मुलं आणि मेक्सिकोत राहिलेली तशाच कुटुंबातली मुलं यांचं रक्त ताडून बघितलं, तर कॅलिफोर्नियातल्या मुलांत हे केमिकल जवळपास सातपट होतं. माणसं एकाच वळणाची, पण घरातला सोफा कुठल्या कायद्याखाली बनला तो फरक. तुमच्या नणंदेची भीती आणि तुमची परिस्थिती यात जो फरक आहे तो इथे आहे.

पुढे काय झालं तेही सांगतो, नाहीतर अर्धवट राहील. पेंटाबीडीई २००९ साली स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे लवकर न विरणाऱ्या घातक केमिकलवर बंदी आणणाऱ्या जागतिक कराराच्या, यादीत गेलं, भारतानेही २०१८ च्या नियमांनी त्यावर आणि त्याच्या भावंडांवर बंदी आणली. पेंटा गेल्यावर कारखान्यांनी ट्रिस नावाची क्लोरीनवाली केमिकल उचलली, आणि गंमत बघा, म्हणजे गंमत नव्हे, वाईटच आहे, याच ट्रिस घराण्यातलं ब्रोमीनवालं केमिकल अमेरिकेत लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांत घालायचे आणि ते जनुकांना इजा करतं असं आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स यांनी दाखवल्यावर १९७७ मध्ये त्या कपड्यांतून बंद झालं होतं. तरी क्लोरीनवाला भाऊ फोममध्ये येऊन बसला. २०११ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या हेदर स्टेपलटन यांनी बाळांच्या १०१ वस्तूंचा फोम तपासला, पाळण्याच्या गाद्या, कार सीट, दूध पाजायच्या उशा, तर ८० मध्ये असलं काही ना काही निघालं. शेवटी कॅलिफोर्नियाने स्वतःच तो ज्योतीचा नियम काढून सिगारेटच्या धुमसण्याचा साधा नियम आणला, कारण एवढ्याशा केमिकलने खरी आग थांबतही नव्हती, आणि २०२० पासून तिथे गाद्यांच्या फोममध्ये आणि मुलांच्या वस्तूंत ही केमिकल घालायलाच बंदी आहे. म्हणजे नणंदबाईंच्या घरात आज नवीन घेतलेली गादी असेल तर तिच्यातही बहुधा हे नसेल, जुना सोफा असेल तर त्याच्याकडे बघायला सांगा.

एक चांगली गोष्ट, ही क्लोरीनवाली ट्रिस जातीची केमिकल शरीरात वर्षानुवर्षं राहत नाहीत, काही तासांत ते काही दिवसांत लघवीवाटे जातात. म्हणजे घरातला स्रोत गेला की अंगातलंही उतरतं.

आता आपल्याकडचं. घरगुती गादीला अमेरिकेसारखी आगीची परीक्षा भारतात सक्तीची नाही. आणि आगरोधक फोम, ज्याला कारखान्यात आम्ही एफआर ग्रेड म्हणतो, तो साध्यापेक्षा महाग पडतो. शंभर किलो पॉलिओलमागे साधारण दहा किलोच्या आसपास ते पाण्यासारखं दिसणारं, जरा जडसर द्रव ओतावं लागतं, ग्रेडप्रमाणे कमीजास्त. जो कारखानदार किलोमागे रुपया वाचवायला बघतो तो कोणी न मागता हे कशाला ओतेल? आम्ही एफआर ग्रेड काढायचो तो ऑर्डर असेल तेव्हाच, आणि त्या ऑर्डरी ठरलेल्या: रेल्वेचे बर्थ, थिएटरच्या खुर्च्या, हॉस्पिटलचं टेंडर, मोठी हॉटेलं, बोटी. तिथे ते बरोबरच आहे, बंद डब्यात सत्तर-ऐंशी माणसं झोपलेली असताना फोम पेटून चालत नाही.

मग तो घरात येतो कुठून? तीन वाटा आहेत आणि तिन्ही आपल्या किनाऱ्यावर चालू आहेत.

पहिली वाट सेकंडहँडची. गोव्यातलं, मुंबईतलं हॉटेल नूतनीकरण करतं, गाद्या लॉटने निघतात, आणि इथे होमस्टे काढलेली माणसं टेम्पो भरून आणतात. भंगारात निघालेल्या बोटींच्या गाद्याही अशाच फिरत येतात, गुजरातेत अलंगला जहाजं तोडतात, तिथे त्यांचा बाजारच आहे. दिसायला मजबूत, किंमत पाव, माणूस खूश. चार वर्षांपूर्वी गुहागरकडचे एक काका माझ्याकडे आले, अशा १४ गाद्यांची कव्हरं शिवून द्या म्हणून. मी एक उसवली तर आत करड्या रंगाचा फोम, आणि कडेला एफआर छापलेली पट्टी. मी त्यातला तांदळाएवढा तुकडा घेतला आणि मागच्या अंगणात गेलो. जुन्या वायरमधली तांब्याची तार असते ना, ती पकडीत धरून गॅसबत्तीच्या ज्योतीवर लाल केली, ज्योतीचा रंग साधा होईपर्यंत थांबलो, मग गरम तार फोमला टेकवली, थोडा चिकटला, आणि तार परत ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली, पोपटाच्या पंखासारखी हिरवी, दोन-तीन सेकंद. तांब्याबरोबर क्लोरीन नाहीतर ब्रोमीन असलं की असा हिरवा रंग येतो. मग माझ्या दुकानातल्या साध्या ३२ डेन्सिटी फोमचा तुकडा घेऊन तेच करून दाखवलं, ज्योत पिवळीच राहिली. काका गप्प झाले. ते म्हणाले यातल्या तीन गाद्या घरात पसरल्यात, एकीवर नातू झोपतो, दीड वर्षाचा. त्या संध्याकाळी त्यांनी त्या उचलल्या.

हा प्रयोग तुम्ही घरी करू नका, गरोदर बाईने तर त्या धुराजवळही जायचं नाही. आणि तो पक्का पुरावाही नाही, रेक्झिनचा कण लागला तरी ज्योत हिरवी होते, काही दुसऱ्या पदार्थांनीही फसवते. पण ज्याला कुठल्याशा जुन्या गादीबद्दल शंका असेल त्याने जाणत्या गादीवाल्याकडून उघड्यावर करून घ्यायला हरकत नाही.

दुसरी वाट म्हणजे रिबॉन्डेड, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी. फोमच्या कातरणाचे, चिंध्यांचे तुकडे करून, गोंद घालून, दाबून, वाफ देऊन पाट बनवतात तो रिबॉन्डेड. गादी कडक लागते, पाठीला बरी वाटते, स्वस्त असते, वर इंचभर मऊ फोम आणि छान क्विल्ट लावलं की ऑर्थोपेडिक म्हणून विकली जाते. कधी उसवलेली दिसली तर बघा, आत चुरमुऱ्याच्या चिवड्यासारखे गुलाबी, पिवळे, हिरवे, करडे तुकडे दिसतात. त्यातला गुलाबी कुठला आणि करडा कुठला हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. कारखान्याचं स्वतःचं ताजं कातरण असेल तर काही हरकत नाही, पण जुन्या सोफ्यांचा, गाडीच्या सीटांचा, परदेशातून आलेल्या भंगार फोमचा माल असेल तर त्यात तेच जुनं पेंटा आणि ट्रिस असू शकतं, ज्यावर जगाने बंदी घातली ते चिंधी होऊन परत बाळाच्या पाठीखाली. मी स्वतः रिबॉन्डेड विकायचो, बारा-तेरा वर्षं विकला, कारण गिऱ्हाईक कडक गादी मागतं आणि माझ्याकडे दुसरं काय होतं. एकदा आलेल्या पाटात एक तुकडा निघाला ज्याला गालिच्याचे धागे अजून चिकटलेले होते, म्हणजे कुठल्या तरी घरातला गालिच्याखालचा फोम होता तो. पुरवठादाराला विचारलं, त्याने फोन ठेवला. त्यानंतर लहान मुलांच्या गादीत रिबॉन्डेड घालायचा मी बंद केला, आणि मोठ्यांच्या गादीतही गिऱ्हाइकाला सांगूनच घालतो. आधी विकलेल्यांचं वाईट वाटतं, ज्यांची नावं वहीत सापडली त्यांना फोन केले.

तिसरी वाट थोडी, पण सांगून ठेवतो. परदेशातून कोणी गादी आणली किंवा तिकडच्या बाजारासाठी बनलेली इथे विकली गेली तर तिच्यात केमिकलऐवजी काचेच्या धाग्याचा मोजा असू शकतो. अमेरिकेत २००७ पासून पूर्ण गादीला मोठ्या ज्योतीची परीक्षा आहे, ती पास व्हायला स्वस्त मेमरी फोमच्या गाद्यांना कव्हरच्या आत फायबरग्लास असलेलं कापड घालतात. शाबूत असेपर्यंत ते काही करत नाही, पण कव्हर धुवायला म्हणून चेन उघडून काढलं की बारीक काच सगळ्या घरभर. अंगाला खाज, डोळ्यांत चुरचुर, पंख्याने आणखी पसरते, आणि आपल्याकडे चेन दिसली की काढून धुवायची सवय फार. टॅगवर ग्लास फायबर लिहिलेलं असेल किंवा कव्हर काढू नका असं लिहिलेलं असेल तर ती चेन उघडायची नाही, एवढंच.

आता तुमची गादी. तो वास फोम बनवताना घालतात त्या अमाइन नावाच्या केमिकलच्या उरलेल्या अंशाचा, थर चिकटवायच्या गोंदाचा असतो, आणि या गाद्या दाबून, हवा काढून, गुंडाळी करून प्लास्टिकमध्ये बंद करतात त्यामुळे आठवडेच्या आठवडे कोंडलेला सगळा एकदम बाहेर पडतो. आगरोधक केमिकलला असा वास नसतो, म्हणून वास आला म्हणजे ते आहे असं नाही आणि वास गेला म्हणजे ते गेलं असंही नाही, या दोन गोष्टी वेगळ्या धरा. वासाने डोकं दुखतं, मळमळतं, सातव्या महिन्यात नाक आधीच तिखट झालेलं असतं, तेव्हा त्या खोलीत झोपू नका. गादी ओटीवर किंवा पडवीत दोन खुर्च्यांवर आडवी टाका, खालून-वरून वारा लागला पाहिजे, चार-पाच दिवस. थेट उन्हात दिवसभर नको, फोम पिवळा पडतो आणि भुगा व्हायला लागतो. पागोळ्यांचा शिंतोडा येत असेल तर आत घ्या पण खिडक्या उघड्या ठेवा. पावसात आपण दारंखिडक्या लावून बसतो, तिथेच वास कोंडतो, पुण्यामुंबईच्या कोरड्या दिवसात जो वास तीन दिवसांत जातो त्याला इथे आषाढात आठ-दहा दिवस लागतात हे मी दरवर्षी बघतो.

टॅग बघा. सर्टिपुर-यूएस लिहिलं असेल तर त्या फोममध्ये पीबीडीई (पेंटाबीडीई आणि त्याची भावंडं) आणि बदनाम झालेली ट्रिस नाहीत आणि हवेत सुटणाऱ्या वाफा ठरावीक मर्यादेत आहेत असं तपासलेलं असतं. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० या कापडाच्या तपासणीच्या शिक्क्याचा पहिला वर्ग बाळांच्या वस्तूंसाठी असतो. छाप कोणीही छापू शकतो, म्हणून त्यावर नंबर असेल तर तो त्यांच्या साइटवर टाकून बघा, भावाला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. काहीच लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याला लेखी विचारा, फोम व्हर्जिन (म्हणजे नवा, तुकड्यांचा नसलेला) आहे की रिबॉन्डेडचा थर आहे, एफआर ॲडिटिव्ह आहे का. थर हा शब्द वापरा, कारण वर मेमरी आणि खाली रिबॉन्डेड असं फार चालतं आणि जाहिरातीत फक्त वरचं नाव असतं.

आईंच्या कापसाबद्दल. पिंजाऱ्याकडून समोर बसून पिंजून घेतलेल्या कापसात यातलं काही नसतं, शेवरीच्या कापसातही नाही, त्या बाबतीत आईंचं बरोबर आहे. पण किनाऱ्यावर कापसाला पाऊस सोसत नाही. खारी हवा, तीन-चार महिने ऊन नाही, कापूस पाणी धरतो, गोळे होतात आणि आतून बुरा येतो, तो बुरा बाळाच्या छातीला फोमपेक्षा वाईट. कापसाची घ्यायची तर पातळ घ्या, उचलून चुलीच्या खोलीत वाळवता येईल एवढी, आणि ऊन पडेल त्या दिवशी खळ्यात टाका. बिछान्यात पैसे घालायचेच असतील तर नैसर्गिक लॅटेक्स किंवा रबर लावलेल्या काथ्याची बघा, काथ्या तर वेंगुर्ल्यापासून आपल्याच माडांचा आहे, हवा खेळती राहते आणि कडकपणा मिळतो, म्हणजे रिबॉन्डेड ज्यासाठी घेतात ते कारणच उरत नाही.

आणि बाळ, ताई, हे नीट वाचा. बाळाला या मेमरी फोमवर झोपवूच नका, केमिकल असो नसो. मेमरी फोम अंगाच्या आकाराने खचतो, तान्हं बाळ कुशीवर, पोटावर वळलं तर नाक त्यात रुततं आणि त्याला मान उचलता येत नाही. वर्षभर तरी बाळाला कडक, सपाट गादी, वर घट्ट ओढलेली एकच चादर, पाठीवर झोपवायचं, शेजारी उशा-लोड काही नको. हाताने दाबून बघा, दाब काढल्यावर हाताचा ठसा उमटलेला राहिला तर ती गादी बाळाची नाही. हा धोका आगरोधक केमिकलपेक्षा कितीतरी जवळचा आहे.

अंगावर पाजायचं बंद करू का असंही तुम्ही शेवटी विचारलंय. नाही. आईच्या दुधात ही केमिकल सापडतात हे खरं आहे, स्वीडनमध्ये तर १९७२ ते १९९७ या काळातल्या साठवलेल्या दुधात ती वाढत गेलेली दिसली आणि त्यामुळेच तिकडे जाग आली, पण तरीही डॉक्टर त्यासाठी दूध तोडायला सांगत नाहीत, दुधाचा फायदा त्यापेक्षा खूप मोठा आहे. तुमच्याकडून जे करण्यासारखं आहे ते धुळीचं. कोरडा केर काढला की धूळ उडून परत बसते, त्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसायचं, पलंगाखाली आणि सोफ्याच्या मागे आधी. जेवायच्या आधी हात साबणाने, आणि बाळ रांगायला लागलं की त्याचेही. फाटलेली उशी, कुसं फुटून पिवळा भुगा पडणारा सोफा, गाडीची फाटकी सीट, हे बाळ यायच्या आधी शिवून घ्या किंवा काढा, कारण उघड्या पडलेल्या जुन्या फोमचा भुगा हीच ती धूळ.

त्याच खोलीत संध्याकाळी डासांची कॉइल लावून दार लावत असाल तर ती आजपासून बंद करा. एका कॉइलच्या धुरातून जेवढे बारीक कण निघतात ते ७५ ते १३७ सिगारेटच्या कणांएवढे, असं मोजून काढलेलं आहे. मच्छरदाणी लावा. आणि कॉइल पलंगाखाली ठेवायची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे, लोंबणारी चादर, खाली निखारा आणि वर आठ इंच साधा फोम. तुमच्या गादीत बहुधा आगरोधक काही नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकलात ना, तर त्याची दुसरी बाजू हीच आहे की ती पेटली तर भडकणार. देवापुढची समई, वीज गेल्यावरची मेणबत्ती, मोबाइल चार्जिंगला लावून गादीवर ठेवणं, या सगळ्याला त्या खोलीत मनाई ठेवा.

जुनी गादी काढाल तेव्हा ती परसात पाचोळ्याबरोबर जाळू नका आणि तिचे तुकडे बंबात घालू नका. हे मी मुद्दाम लिहितोय कारण चिपळूणच्या २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर भिजलेल्या गाद्यांचे ढीग लोकांनी पेटवलेले मी डोळ्यांनी बघितलेत, आणि पुढे महिनाभर घराघरांत फोमचे तुकडे बंब पेटवायला वापरत होते, लगेच पेटतात म्हणून. त्याच आंघोळीच्या पाण्याजवळ बाळंतीण आणि बाळ असतं. फोम कुठलाही असला तरी तो धूर विषारी, आणि आगरोधक असेल तर आणखी दाट आणि वाईट. नगरपालिकेच्या गाडीला द्या, खेड्यात गाडी येत नसेल तर कव्हरसकट गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि तालुक्याला जाणाऱ्या टेम्पोत घाला.

तेव्हा आज एवढं करा: गादी पडवीत काढा, टॅगचा फोटो भावाला पाठवा, तुम्ही तोवर आईंच्या खोलीत जुन्या गादीवर झोपा. वास येतो तेव्हा धाप लागत असेल, छातीत घरघर होत असेल किंवा डोकं थांबत नसेल तर गादीचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. आणि दहा दिवसांनी नाक लावून बघा, तेव्हाही तसाच उग्र वास असेल किंवा विक्रेत्याने रिबॉन्डेडबद्दल सरळ उत्तर दिलं नाही तर परत पाठवा. ट्रायलचे किती दिवस दिलेत ते बिलावर असतं, ते मोजून ठेवा, खोका फेकू नका, आणि पिकअपवाला दापोलीच्या आत गावापर्यंत येतो की नाही हे आत्ताच फोन करून विचारून घ्या, इथे बऱ्याच वेळा तिथेच अडतं.